मायचं तिसरं औषध

पुसद
ता. १२ नोव्हेंबर १९६१

चि. सौ. कौसल्या हिला नलूचा सप्रेम जयभीम.

यवतमाळहून मायला तुमच्या घरी घाटंजीला सोडून मी सुखरूप पोचले. मी एस.टी.त बसताना तू रडलीस, ते काही मला बरं वाटलं नाही. माय अजून जिवंत आहे.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते पुन्हा लिहिते, कारण माझा भाऊ मला माहीत आहे, देवराव कापसाच्या जिनिंगच्या कामात विसरेल. मायचं हृदय थकलं आहे. पांढरी गोळी रोज सकाळी एक. कमी नाही, जास्त नाही. लघवीची गोळी एक दिवसाआड. जेवणात मीठ अजिबात नको. एवढंच तुझ्याकडे मागते. सासू म्हणून नको, माणूस म्हणून कर.

आणखी एक. मायने त्या दिवशी दवाखान्यात गावठी चूर्णाची गोष्ट काढली, तेव्हा कंपाउंडर हसला आणि बाकावरचे सगळे पेशंट हसले. मला तोंड लपवावंसं वाटलं. इथे पुसदला आमचे हे, म्हणजे पंजाबराव मास्तर, दर रविवारी विहारात सांगतात की झाडपाला, मांत्रिक, अंगारे सगळं मागे टाका. आणि त्यांचीच सासू डॉक्टरांपुढे चूर्ण काढते. यापुढे तिला असलं काही तिथे बोलू देऊ नकोस.

येणाऱ्या माणसाबरोबर एक डबा पाठवते. मायसाठी खाऊ आहे. तिचा तिलाच खाऊ दे. तू उघडू नकोस.

तुझी
नलू


घाटंजी
ता. २० डिसेंबर १९६१

नलूअक्काले कौसल्याचा जयभीम.

तुमचं पत्र भेटलं, डबाबी भेटला. माह्यं अक्षर वाईट आहे, समजून घ्या. विहारातल्या रात्रीच्या शाळेत जेवढं शिकली तेवढंच येते.

गोळ्या मी माह्या हातानं देते, आत्याबाईनं पाणी पेल्यावर मगच हलते. मिठाचं मात्र फार जड जाते. बिनमिठाची भाजी पाह्यली की आत्याबाई ताट सरकवतात. शेजारच्या हंसाबाईपाशी जाऊन म्हणतात, सून मले जितेपणी मातीची चव दाखवून राह्यली. मी ऐकून घेते.

खोकला कमी झाला. त्या म्हणतात, नलूच्या खाऊनं झाला. उशाशी डबा ठेवतात, कोणाले हात लावू देत नाहीत. आमचे हे हसतात, म्हणतात लेकीचं नवल.

पण अक्का, पायाले सूज चढली. बोटानं दाबलं तर खड्डा राह्यते. ह्याईनं आणि मी यवतमाळले नेलं. डॉक्टरनं मले विचारलं, मीठ देता काय? मी नाही म्हटलं. त्याईनं माह्याकडं असं पाह्यलं जशी मी खोटं बोलून राह्यली. मग आत्याबाईले विचारलं, आणखी काही खाता काय? त्या म्हणाल्या, काही नाही. आता लघवीची गोळी रोज द्यायले सांगतली आहे.

तुम्ही एकदा येऊन पाहून गेल्या तर बरं होईन.

कौसल्या


पुसद
ता. ९ जानेवारी १९६२

कौसल्या,

पत्र वाचलं. मिठाशिवाय अशी सूज चढत नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. सासूची कटकट टळावी म्हणून तू चिमूटभर टाकत असशील. खरं असेल तर आजच बंद कर. मला कबूल केलं नाहीस तरी चालेल, पण बंद कर.

मी मायची एकुलती लेक आहे. लांब आहे म्हणून आंधळी नाही. तुला सासू म्हणजे एक काम वाटतं. मला तिने जिनिंगमध्ये सरकी वेचून सातवीपर्यंत शिकवलं, हे तुला माहीत नाही.

शाळा चालू आहे, यांच्या जेवणाचे हाल होतील, म्हणून मला येता येत नाही. दुसरा डबा पाठवते. पहिला संपत आला असेल.

नलू


घाटंजी
ता. १४ फेब्रुवारी १९६२

नलूअक्काले जयभीम.

मीठ मी टाकलं नाही. एवढंच लिहिते, जास्त लिहीत नाही.

आत्याबाईचं अन्न सुटलं आहे. घास तोंडाजवळ नेला की मळमळते. परवापासून वेगळंच झालं. मले म्हणाल्या, तू हळद कायले सांडली? मी पाह्यलं तर हळद कुठंच नव्हती. त्याईले भाकर पिवळी दिसते, दूध पिवळं दिसते, माह्यं पांढरं लुगडं पिवळं दिसते. हंसाबाई म्हणे कावीळ आहे, कावीळ झालेल्याले सारं जग पिवळं दिसते. पण मी पापणी उलटून पाह्यली. डोळे पांढरे आहेत, नखं पांढरी आहेत. कावीळ अशी नसते.

उठल्या की पाय लटपटतात. मनगट धरलं तर नाडी थांबून थांबून चालते.

अक्का, राग नका मानू. त्या डब्यात काय आहे? आत्याबाई दिवसातून किती वेळा चाटतात याचा हिशोब नाही. डॉक्टरले सांगावं लागन. तुम्ही लिहून पाठवा म्हणजे मी सांगीन.

कौसल्या


पुसद
ता. १९ फेब्रुवारी १९६२

चि. देवराव यास,

हे पत्र तुला लिहिते आहे, तुझ्या बायकोला नाही.

मायला मळमळते, डोळ्यांपुढे पिवळं दिसतं, पायात जोर नाही. आणि कौसल्या माझ्या डब्यावर बोट ठेवते. लेकीने पाठवलेल्या घासभर खाऊने कोणी आजारी पडतं का? गोळ्या कोणाच्या हातात आहेत, ते आधी बघ. एकीच्या जागी दोन दिल्या तर काय होतं हे डॉक्टरांना विचार. ती मुद्दाम करते असं मी म्हणत नाही. पण बिनमिठाच्या स्वयंपाकाला कंटाळलेली बाई काय करेल, सांगता येत नाही.

उद्यापासून गोळ्या तिच्या हातात ठेवू नकोस. हंसाबाईला दे, ती मोजून देईल. मायच्या जिवापेक्षा बायकोची मर्जी मोठी नाही.

तुझी अक्का
नलू


यवतमाळ
ता. ८ मार्च १९६२

अक्काले देवरावचा जयभीम.

मी लिहायले बसलो की हात जड होते, तरी लिहून राह्यलो. माय जिवंत आहे. हे आधी.

तुझं पत्र आलं. तुझं जोडाक्षराचं लिहिणं मले झेपत नाही, म्हणून मी ते विहाराच्या पायरीवर किसनरावाकडून वाचून घेतलं. चारचौघं बसले होते. त्याईनं सारं ऐकलं. त्याच दिवशी मी गोळ्यांची पुडी कौसल्याच्या हातातून घेतली आणि हंसाबाईले देली. कौसल्यानं हात पुसले आणि चुलीशी बसली. वस्तीत बोलणं सुरू झालं. हातपंपावर बाया तिच्यापासून सरकून उभ्या राहू लागल्या.

गोळ्या हंसाबाईकडं गेल्या, मोजून दिल्या, तरी माय बरी झाली नाही. मागच्या शुक्रवारी उंबऱ्यातच पडली. शुद्ध होती, पण अंगात जीव नव्हता. आम्ही तिले यवतमाळले आणलं. डॉक्टरनं नाडी पाह्यली, छातीले नळी लावली आणि माह्यावरच ओरडले, गोळ्या किती दिल्या? अक्का, मी साऱ्या पेशंटांसमोर कौसल्याकडं हात केला. म्हटलं, आधी यिच्या हातात होत्या, यिलेच विचारा.

ती भिंतीशी उभी होती. तिनं पदर तोंडावर ओढला.

तेव्हा माय खाटेवरून बोलली. आवाज निघत नव्हता, पण बोलली.

"देवराव, तिले बोलू नको. तिनं एक गोळी कमी देली नाही, एक जास्त देली नाही. मीच खाऊन राह्यली. जेष्ठमधाची पूड, मधात. नलूनं पाठवली. डॉक्टरले सांगू नको म्हणे, हसतात."

डॉक्टर खाली बसले. किती खाल्लं, कधीपासून, सारं विचारलं. मग मले समजावून सांगतलं. जेष्ठमधानं अंगात मीठपाणी साचते, म्हणून सूज. सूज दिसली म्हणून त्याईनं लघवीची गोळी वाढवली. अंगात एक क्षार असते, हृदयाले लागते तो. जेष्ठमधानं तो निघून जाते आणि लघवीच्या गोळीनंही जाते. दोन्हीकडून गेला की मग हृदयाची तीच पांढरी गोळी, तेवढीच, विषासारखी चढते. पिवळं दिसणं, मळमळ, नाडी अडखळणं, सारं त्याचंच.

मी म्हटलं, साहेब, झाडाचं मूळ आहे ते, लेकराईलेही देतात.

ते म्हणाले, "मूळ आहे म्हणून मी हसेन असं वाटलं ना तुम्हाला? त्यात दम नसता तर हसलोही असतो. त्यात दम आहे, म्हणूनच मला सांगायला हवं होतं." मग म्हणाले, त्या दिवशी बाई 'काही खात नाही' म्हणाल्या आणि मी पुढे विचारलं नाही, मीही खोदून विचारायला पाहिजे होतं.

दोन्ही गोळ्या बंद केल्या. त्या क्षाराचं औषध आणि नारळाचं पाणी चालू आहे. काल माय म्हणाली, भिंत आता चुन्यासारखी दिसते.

कौसल्या इथं नाही. तिचा बाप, उकंडा मामा, मायले पाहायले आला होता. ती त्याच्यासंगं झरीकडं माहेरी गेली. मी थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणू?

देवराव


पुसद
ता. १३ मार्च १९६२

कौसल्या,

हे पत्र तुझ्या माहेरी पाठवते आहे. पोचेल की नाही माहीत नाही, पोचलं तर उघडशील की नाही तेही माहीत नाही.

देवरावचं पत्र आलं तेव्हा हे घरातच होते. मी ते त्यांना दाखवलं नाही. चुलीजवळ बसून वाचलं आणि भाजी करपली तरी उठले नाही.

तो डबा खाऊचा नव्हता. तू विचारलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मायचा खोकला मला बघवत नव्हता. इथल्या काष्ठौषधीच्या दुकानातून जेष्ठमध आणून मी स्वतः कुटलं, वस्त्रगाळ केलं, मधात कालवलं. खोकला थांबल्याचं तू लिहिलंस तेव्हा मला केवढा अभिमान वाटला. पण तो कोणाला सांगायची सोय नव्हती. यांना कळलं असतं तर म्हणाले असते, मी विहारात बोलतो आणि तू घरात मुळ्या कुटतेस. डॉक्टरांना कळलं असतं तर पुन्हा बाक हसला असता. म्हणून घाटंजीहून निघतानाच मायच्या कानात सांगून मी तिला गप्प बसवलं. तिने माझा शब्द पाळला आणि जिवावर बेतलं.

तू विचारलंस, डब्यात काय आहे. त्याचं उत्तर द्यायचं सोडून मी तुझ्यावर आळ घेतला. मायच्या मायेपोटी बुद्धी फिरली असं समज. मी तुझी माफी मागते. घरी परत ये. मायला तुझी गरज आहे.

नलू


मु. झरीजवळ, माहेरून
ता. २४ मार्च १९६२

नलूअक्काले जयभीम.

पत्र पोचलं. बाबा जंगलखात्याच्या कुपात बांबू तोडायले गेलता, त्याच्याजवळ पोस्टमननं देलं.

तुम्ही लिहिलं, मायेपोटी. मले ते खरं वाटत नाही. मायेपोटी तुम्ही जेष्ठमध कुटलं असन. माह्यावर आळ घेतला तो मायेपोटी नाही.

पण मीही तुम्हाले एक सांगते, नाहीतर माह्या पोटात राहीन. मी डबा उघडला होता. आत्याबाई झोपल्या असताना बोटभर चाटून पाह्यलं. आमच्या आईच्या घशाले बाबा तेच आणत होता, मी चव ओळखली. मले माहीत होतं. तरी तुम्हाले पत्रात विचारलं, कारण मले वाटलं तुमच्या तोंडून यावं. मग तुमचं पत्र आलं, पायरीवर वाचलं गेलं, बाया सरकून उभ्या राह्यल्या. त्याच्यानंतर डॉक्टरले सांगायले मले कोणी अडवलं नव्हतं. दवाखान्यात ह्याईनं माह्याकडं हात केला तेव्हाही मी बोलू शकत होती. मी नाही बोलली. मनात आलं, होऊ दे काय होते ते, मग या साऱ्याईले कळन. खाटेवर ती म्हातारी पडली होती आणि मी असं मनात आणलं. तिनंच माह्यासाठी तोंड उघडलं, मी तिच्यासाठी नाही उघडलं. इथं आल्यापासून मी बाबाच्याही नजरेले नजर देत नाही.

घरी ये म्हणता. एकच विचारते. आत्याबाई बोलल्या नसत्या, डॉक्टरले कळलं नसतं, तर तुम्ही माह्यी माफी मागली असती काय? खरं लिहा. खोटं लिहिलं तर मले समजते.

कौसल्या


घाटंजी
ता. ३ एप्रिल १९६२

कौसल्या,

नाही. मागली नसती.

तुझं पत्र आल्यावर मी किती कागद फाडले ते सांगत नाही. प्रत्येकात "असती" लिहीत होती. मग वाटलं, मी पुन्हा तेच करून राह्यली, जे डॉक्टरापासून लपवून केलं. म्हणून हे पत्र मायच्या बोलीतच लिहून राह्यली.

माय गेली असती तर मी घाटंजीले येऊन तुह्याच नावानं रडली असती. वस्तीनं मले धरून बसवलं असतं, आणि जन्मभर मी तेच खरं धरलं असतं. डब्याची गोष्ट कोणालेच सांगतली नसती. हळूहळू स्वतःलेही नाही. हे लिहिताना मले माह्याच हाताची भीती वाटून राह्यली. माफीचं पत्र लिहिलं तेव्हाही मी "आळ घेतला" एवढंच लिहिलं आणि वर मायेचं पांघरूण घातलं. तू ते ओढून काढलं, बरं केलं.

मी चार दिवसांपासून इथं आहे. ह्याईले सारं सांगूनच आली. त्याईनं हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, मी झाडपाला टाका म्हणत होतो, पण मले कोणी काही सांगू नये असं मी कधी म्हटलं नव्हतं. ते खरंच आहे. पण त्याईच्या बोलण्यानं मी भीत होती, हेही खरं आहे, आणि तेही मी त्याईच्या तोंडावर सांगतलं.

रविवारी वंदना झाल्यावर मी विहारात उभी राह्यली. पंजाबराव मास्तरांची बायको बोलणार म्हणून लोक सावरून बसले. मी म्हटलं, जे पत्र इथं पायरीवर वाचलं गेलं ते खोटं होतं. कौसल्यानं गोळ्या बरोबर दिल्या. माह्या मायले मी पाठवलेल्या औषधानं झालं, आणि ते लपवायले मी लावलं. पुढं आणखी बोलायचं ठरवलं होतं, पण तिथंच खाली बसली. देवराव खाली मान घालून बसला होता. किसनराव उठून बाहेर गेला. बाकीचे चटया गुंडाळायले लागले. तेच जास्त लागलं. कोणी दोन शब्द वाईट बोललं असतं तर हलकं झालं असतं.

निघताना हंसाबाई माह्या मागं मागं आली. तिच्या नवऱ्याले दम्याची गोळी चालू आहे, आणि ती त्याले बाजारातल्या एका माणसाची काळी पुडीही देते. डॉक्टरले सांगतलं काय, मी विचारलं. ती म्हणाली, नाही, लाज वाटते.

तुह्या मनात जे आलं ते आलं. मी ते पुसून टाकू शकत नाही आणि तू माह्यं पुसू नको. मायले मी हे सांगतलं नाही, सांगायचं तर तू सांग.

ये असं या वेळी लिहीत नाही. तुह्यं तू ठरव.

नलू


घाटंजी
ता. १७ एप्रिल १९६२

नलूअक्काले कौसल्याचा जयभीम.

मी परवा आली. बाबा सोडून गेला. तुम्ही "असती" लिहिलं असतं तर मी आली नसती.

हे एस.टी.च्या थांब्यावर उभे होते. पिशवी माह्या हातातून घेतली, आणि घरापर्यंत वस्तीच्या मधल्या रस्त्यानं चालले, मागच्या रस्त्यानं नाही. मी अजून त्याईच्याशी पुरती बोलत नाही. होईन तेव्हा होईन.

आत्याबाई बऱ्या आहेत. पायाची सूज उतरली. काठी घेऊन हातपंपापर्यंत जातात. डॉक्टरनं पांढरी गोळी पुन्हा चालू केली आहे, पण अर्धी. खोकला आहे. त्याच्यासाठी काय द्यायचं ते विचारल्याशिवाय मी काही देत नाही, लवंगही नाही.

माह्या मनात काय आलं होतं ते मी त्याईले सांगतलं. भाकरी थापता थापता सांगतलं, म्हणजे त्याईच्याकडं पाहावं लागू नये. त्याईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाल्या, माह्याही मनात होतं, सुनेवर येऊ दे, लेकीवर नको. म्हणून इतके दिवस तोंड बंद ठेवलं. तू भिंतीशी उभी दिसली तेव्हा राहवलं नाही. एवढं बोलून त्या पदरानं तोंड पुसत बसल्या. भाकर जळली ती आम्ही दोघीनं खाल्ली.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरनं बोलावलं आहे. आत्याबाई जायले तयार नाहीत. म्हणतात, साऱ्या दवाखान्यासमोर खोटी ठरली, आता त्या माणसाले तोंड कसं दाखवू. हे म्हणतात मी घेऊन जातो. मी नको म्हटलं. हंसाबाईलेही सांगतलं आहे, घरच्याले आणि ती काळी पुडी घेऊन आमच्यासंगं चाल. ती अजून हो म्हणाली नाही.

तुम्ही सोमवारी या. बाकावर बसून राहू, नंबर लागला की संगंच आत जाऊ. डॉक्टर विचारतील, काय काय खाता. आत्याबाईनं सांगावं, त्याईले अडलं तर तुम्ही सांगा. बाक हसला तर हसू द्या. मी आत्याबाईले म्हटलं, लाज काय एकट्या तुमचीच आहे? तिघी जाऊ, वाटून घेऊ.

तुमची
कौसल्या